मोटारसायकलचा टायर घरच्या घरी बदलताना

मागच्या चाकावर नवा टायर चढवताना शेवटची वीतभर कड आत जायला तयार नसते. नवशिका माणूस अशा वेळी आणखी लांब टॉमी (टायरची कड उचकटायची लोखंडी पट्टी) शोधतो, नाहीतर शेजाऱ्याला ‘जरा जोर लावा’ म्हणून बोलावतो. मीही पहिल्यांदा हेच केलं. जोर लागला, कड आत गेली, हवा भरली आणि दहा मिनिटांत ती सगळी निघून जाऊन चाक बसलं. नव्या कोऱ्या ट्यूबला टॉमीचा चिमटा बसून दोन चिरा पडल्या होत्या. तीच ट्यूब घेऊन मी नाक्यावरच्या पंक्चरवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी चिरा बघितल्या आणि एवढंच विचारलं, “समोरची बाजू दाबून धरली होती का?”

टायर बदलण्याची निम्मी विद्या त्या प्रश्नात आहे. उरलेली निम्मी म्हणजे स्वच्छता, साबणाचं पाणी आणि घाई न करणं.

इथे मी स्पोकच्या चाकाची, ट्यूबवाली जुनी स्प्लेंडर डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. हिरो होंडाने १९९४ साली आणलेली ही गाडी महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक गल्लीत सापडते. तिचा टायर अरुंद आहे, चाक हलकं आहे आणि मागचं चाक चेन न सोडता निघतं. शिकायला याहून सोपी गाडी नाही. हात बसला की बुलेट, क्लासिक किंवा हिमालयन यांच्या टायरांनाही हीच रीत लागू पडते, फक्त दमणूक वाढते.

टायर रिमवर कशामुळे टिकतो

टायरच्या दोन्ही कडांच्या आत पोलादी तारांचं कडं असतं. या कडेला बीड म्हणतात. रबर कितीही मऊ असलं तरी हे कडं ताणलं जात नाही. रिमचा बाहेरचा काठ मात्र या कड्यापेक्षा मोठा असतो. मग लहान कडं मोठ्या काठावरून पलीकडे जातं कसं?

रिम आडवी धरून आतून बघा. मधोमध पन्हळीसारखा खोलगट भाग दिसेल. त्याच्या दोन्ही बाजूंना थोडं उंचावर टायरची कड बसते आणि त्याच्याही बाहेर काठ असतो. कडेचा एक भाग पन्हळीत उतरवला की तेवढं कडं मधल्या दिशेने सरकतं आणि बरोबर समोरच्या बाजूला ढील मिळते. त्या ढिलीवर कड काठ ओलांडते. हवा भरली की दोन्ही कडा पन्हळीतून वर चढून आपापल्या जागी जातात आणि मग काही केल्या निघत नाहीत. ही कल्पना जुनी आहे. बेलफास्टमध्ये डनलॉप यांनी १८८८ साली हवेचा टायर केला, पण तो रिमला चिकटवलेला असायचा आणि पंक्चर काढणं म्हणजे मोठं काम व्हायचं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९० साली, इंग्लंडमध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी तारेच्या कडेचा टायर आणि मधे खोलगट असलेली रिम यांचं पेटंट घेतलं. आज आपण टॉमी लावतो ती त्याच रचनेवर.

म्हणून एक खूणगाठ बांधा. जिथे जोर लागतोय तिथे अडचण नसते, ती बरोबर समोरच्या बाजूला असते. तिथली कड पन्हळीतून वर आलेली असते. थांबा, समोर गुडघा टेकवून ती परत खाली दाबा, आणि मग टॉमीला हात घाला.

टायर आणताना

जुन्या टायरच्या बाजूवर जे छापलंय ते फोनमध्ये टिपून घ्या. २.७५-१८ याचा अर्थ रुंदी पावणेतीन इंच आणि रिम १८ इंची. पुढे ४२ पी किंवा ४८ पी असं काहीतरी असतं. त्यातला आकडा वजनाचा सांकेतिक अंक आहे: ४२ म्हणजे १५० किलो, ४८ म्हणजे १८० किलो. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतची मर्यादा. मागच्या टायरवर दोन माणसं आणि वर सिलिंडर किंवा दुधाचे कॅन यायचे असतील तर या अंकात काटकसर करू नका. पुढचा टायर मागे किंवा मागचा पुढे चालवण्याचा उद्योगही नको. पुढच्या टायरवरच्या सरळ रेषा दिशा धरण्यासाठी असतात, मागच्याचे गुट्टे ओढण्यासाठी.

दुसरं बघायचं ते वय. बाजूवर लांबोळ्या चौकटीत चार आकडे असतात. ३५२४ असेल तर २०२४ सालचा ३५वा आठवडा. दुकानात दोन-तीन वर्षं पडून राहिलेला टायर दिसायला नवाच असतो, पण रबर कडक झालेलं असतं. तो चढवायलाही त्रास देतो आणि पावसात घसरायलाही. मी वर्षभराच्या आतला मागतो आणि नसेल तर दुसऱ्या दुकानात जातो.

टायरबरोबर ट्यूब आणि रिमवरची रबरी पट्टी नवीच घ्या. ट्यूब वापरात ताणली जाऊन मोठी होते. जुनी ट्यूब नव्या टायरात घातली की आत घडी पडते आणि त्या घडीवर ती हजारेक किलोमीटरमध्ये झिजून फुटते. नव्या टायरच्या किमतीपुढे ट्यूबचे पैसे फार नसतात.

काय काय लागेल

टॉमी तीन हव्यात, दोन नाही. साधारण फूटभर लांब, टोकं गुळगुळीत आणि किंचित वळलेली. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त टॉम्यांच्या टोकांना धार असते. ती कानशीने आणि मग पॉलिश पेपरने घासून मारा, बोट फिरवलं तर कुठे ओरखडा जाणवता कामा नये. स्क्रू ड्रायव्हर हे टायरचं हत्यार नाही. ट्यूब फाटायला आणि रिमचा काठ वाकायला तो एकदा घातला तरी पुरे.

याशिवाय रिंग पान्ह्यांचा संच, पक्कड, वॉल्व्हची पिन फिरवायची चावी, पायाने मारायचा पंप आणि हवा मोजायचा गेज. रिमला ओरखडे पडू नयेत म्हणून ऑइलच्या रिकाम्या कॅनचे तळहाताएवढे दोन-तीन तुकडे कापून ठेवा, ते टॉमी आणि रिमच्या मधे घालायचे. भांडी घासायच्या साबणाचं दाटसर पाणी आणि जुना ब्रश. थोडी संगजिऱ्याची पूड, नाहीतर अंगाला लावायची साधी पावडर. आणि बसायला पाट, कारण उकिडवं बसून तासभर काम केलं की दुसऱ्या दिवशी कंबर बोलते.

साबणाऐवजी ग्रीस, इंजिन ऑइल किंवा रॉकेल लावणारे भेटतील. लावू नका. खनिज तेलाने रबर फुगतं आणि कुजतं. शिवाय साबणाचं पाणी सुकून जातं, तेल सुकत नाही. मग ब्रेक मारल्यावर टायर रिमवर सरकतो, ट्यूबला सोबत ओढतो आणि वॉल्व्ह मुळापासून उपटला जातो. चालत्या गाडीत एका क्षणात सगळी हवा जाते.

नवा टायर आदल्या रात्रीपासून घरात पडला असेल तर कामाआधी तासभर उन्हात ठेवा. एप्रिलमधल्या सोलापूरच्या उन्हात पंधरा मिनिटंही पुरतात. जानेवारीतल्या सकाळी सातला हेच काम करायला गेलात तर टायर लाकडासारखा वागेल. उन्हात तापलेला टायर हाताला लगेच वेगळा लागतो.

चाक काढणं

गाडी सपाट, कडक जागेवर डबल स्टँडला लावा. पुढच्या चाकाला दोन्हीकडून वीट लावा. सुरुवातीलाच चेनच्या बाजूचा आणि ब्रेकच्या बाजूचा एकेक फोटो काढा. कोणता वॉशर कुठे होता हा प्रश्न तासाभराने पडतोच.

आधी ब्रेकच्या रॉडचा नट सोडा, रॉड पुढे सरकवून लिव्हरमधून काढा. स्प्रिंग, गोल पिन आणि नट लगेच त्याच रॉडवर परत चढवून ठेवा, म्हणजे हरवत नाहीत. मग ब्रेकच्या प्लेटला धरून ठेवणारी लांब पट्टी: तिची दुहेरी पिन सरळ करून ओढा, नट सोडा, बोल्ट काढा.

चेनच्या बाजूला एक्सलवर दोन नट दिसतील. बाहेरचा लहान नट एक्सलचा, आतला मोठा नट चेनचं चक्कर धरून ठेवणाऱ्या नळीचा. फक्त बाहेरचा सोडायचा. आतल्याला हात लावला नाही तर चक्कर आणि चेन जागच्या जागी राहतात आणि चेनचा ताण पुन्हा जुळवावा लागत नाही. नट निघाल्यावर एक्सल लाकडी ठोकळ्याच्या आधाराने हलके ठोकून दुसऱ्या बाजूने ओढून काढा. हातोडी थेट एक्सलवर मारलीत तर आटे चेपतील. ओढताना बुश (एक्सलवरची लहान नळी) खाली पडेल, तो लगेच डबीत टाका. आता चाक ब्रेकच्या बाजूला ओढा, ते चक्कराच्या रबरांतून सुटेल. गाडी चेनच्या बाजूला थोडी कलती केली की चाक बाहेर निघतं. कलती करताना दुसरं माणूस हाताशी असलेलं बरं.

ब्रेकची प्लेट शूसकट उचलून बाजूला ठेवा. ड्रममधली काळी धूळ तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. चक्कराच्या आतले रबर दबून चपटे झाले असतील तर तेही आत्ताच बदला.

टायर उतरवणं

जमिनीवर जुना टायर किंवा गोणपाटाची चुंबळ ठेवून तिच्यावर चाक आडवं ठेवा. हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, थेट फरशीवर टेकू देऊ नका. वॉल्व्हची पिन काढून सगळी हवा जाऊ द्या. मग वॉल्व्हचा नट काढा आणि वॉल्व्ह थोडा आत ढकला.

आता कड सुटी करायची. रिमला लागून टायरच्या बाजूवर टाचेने दाब द्या आणि गोल फिरत जा. स्प्लेंडरचा टायर बहुतेक वेळा एवढ्यानेच सुटतो. चार-पाच वर्षं न काढलेला टायर गंजलेल्या लोखंडी रिमला धरून बसतो, तेव्हा कडेवर साबणाचं पाणी सोडून दहा मिनिटं थांबा. तरीही न सुटल्यास टायरच्या बाजूवर रिमलगत लाकडाची फळी ठेवा, तिच्यावर दुसऱ्या गाडीचा साइड स्टँड टेकवा आणि ती गाडी हळूहळू स्टँडवर कलवा. गाडीचं वजन कड सोडवतं. फळी स्पोकवर किंवा रिमवर येत नाही ना, हे खाली वाकून बघा. दोन्ही बाजूंच्या कडा अशाच सुट्या करा. एकच केली आणि काम सुरू केलं, तर खालची कड पन्हळीत उतरत नाही आणि पुढे अडतं.

साबण लावा. वॉल्व्हच्या समोरच्या बाजूला गुडघे टेकून बसा, म्हणजे तिथली कड पन्हळीत दबून राहील. वॉल्व्हजवळ पहिली टॉमी घाला. टोक कडेखाली जेमतेम अडकेल एवढंच आत, जास्त खोल गेलं की ट्यूब सापडते. टॉमी मागे ओढून कड काठावरून बाहेर आणा आणि टॉमी स्पोकला अडकवा किंवा पायाखाली धरा. दुसरी टॉमी तिच्यापासून दोन-तीन बोटांवर. तिसरी आणखी दोन-तीन बोटांवर. मग मधली काढून पुढे लावायची. एका वेळी लहान घास घ्या. मोठा घास घेतला की टॉमी हटून बसते, आणि मग माणूस तिच्यावर लटकतो. पाव-एक गोल निघाला की उरलेली कड हातानेही सरकते.

ट्यूब ओढून काढा, वॉल्व्ह शेवटी. ती जपून ठेवा, तिचं काम पुढे आहे. दुसरी कड काढताना चाक उभं धरा. खालच्या बाजूला कड पन्हळीत ढकला, वरच्या बाजूला दोन टॉम्या घालून रिम टायरमधून बाहेर ढकला. साबण असेल तर रिम जवळजवळ घसरूनच येते.

मधला तपास

बरेच जण इथे घाई करतात आणि नवा टायर लगेच चढवायला घेतात. मी याच वेळी चहा घेतो आणि रिम घेऊन उजेडात बसतो. रबरी पट्टी काढा. खाली गंज असेल तर पॉलिश पेपरने घासून काढा आणि पुसा. स्पोकची टोकं नट ओलांडून वर आलेली असतील तर कानशीने घासून सपाट करा, नाहीतर ट्यूबला आतून छिद्र पडतं आणि पंक्चर काढणारा रस्त्यावरचा खिळा शोधत बसतो. पान्ह्याने प्रत्येक स्पोकवर हलकी टिचकी मारा. ताठ स्पोक ‘टण्’ वाजतो, ढिला भद्द वाजतो. एखाद-दुसरा ढिला असेल तर ठीक, पण चार-पाच भद्द वाजले तर टायर चढवण्याआधी स्पोक ओढून चाक सरळ करणाऱ्या कारागिराकडे न्या. चाकाची वाकडी चाल नवा टायर सरळ करत नाही.

टायर तोच ठेवून फक्त ट्यूब बदलत असाल तर आणखी एक गोष्ट. जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून छिद्र शोधा आणि वॉल्व्ह जुळवून ती टायरशेजारी धरा. छिद्र जिथे येतं, टायरमध्ये त्याच जागी बाभळीचा काटा किंवा तारेचा तुकडा बसलेला असतो. आतून हात फिरवताना हाताला फडकं गुंडाळा. काटा सापडेपर्यंत नवी ट्यूब घालू नका.

नवी पट्टी बसवताना तिचं भोक वॉल्व्हच्या भोकावर आणा आणि सगळ्या स्पोकची टोकं झाकली गेली का ते बघा.

टायर चढवणं

टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. स्प्लेंडरचा ब्रेक ड्रम उजव्या बाजूला आहे. चाक ड्रम वर करून ठेवलं आणि वरून बघितलं, तर पुढे जाताना ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं. बाण तसाच यायला हवा. खडूने रिमवर बाण काढून ठेवा. उलटा चढलेला टायर पुन्हा उतरवण्याइतकं जिवावर येणारं काम दुसरं नाही. टायरवर छोटा रंगीत ठिपका असेल तर ती टायरची सगळ्यात हलकी जागा. ती वॉल्व्हच्या अगदी जवळ ठेवा, म्हणजे वॉल्व्हचं वजन तिथे भरून निघतं.

टायरच्या दोन्ही कडांना आणि रिमच्या काठाला ब्रशने साबण लावा. पहिली कड तिरकी धरून रिमवर टाका, एक बाजू पन्हळीत घाला आणि उरलेली हाताने, गुडघ्याने दाबत न्या. उन्हात तापलेला टायर असेल तर ही कड टॉमीशिवाय आत जाते.

आता ट्यूब. पिन घालून एवढीच हवा भरा, की ती गोल उभी राहील पण ताणली जाणार नाही. रिकामी ट्यूब चपटी पडते आणि टॉमीखाली सापडते, जास्त फुगलेली ट्यूब कडेला आत जागा देत नाही. बाहेरून पावडर चोळा. मग वॉल्व्हच्या भोकाजवळ टायरची वरची कड टॉमीने उचलून धरा, वॉल्व्ह भोकातून खाली काढा आणि नट फक्त दोन-तीन आटे फिरवा. नट घट्ट करायचा नाही, पुढे त्याचं कारण येतंच. उरलेली ट्यूब दोन्ही बाजूंनी हाताने आत भरा. शेवटी सगळीकडे बोट फिरवून पीळ पडला नाही ना, ते बघा.

दुसरी कड हे खरं काम. वॉल्व्हच्या बरोबर समोरून सुरू करा आणि वॉल्व्हपाशी संपवा. वॉल्व्हच्या मुळाशी ट्यूब जाड असते, त्यामुळे तिथली कड पन्हळीत पूर्ण उतरत नाही. म्हणून ती जागा शेवटासाठी ठेवायची, कारण ढील समोरून मिळणार असते.

समोरच्या बाजूची कड तळहाताने आत ढकला, पन्हळीत खोल दाबा आणि तिच्यावर दोन्ही गुडघे टेका. गुडघे आता उठवायचे नाहीत. दोन्ही हातांनी डावीकडे-उजवीकडे सारखं पुढे सरकत जा. अर्ध्याच्या पुढे हाताने जाईना की टॉमी घ्या. टोक रिमच्या काठावर टेकवायचं, वळण टायरच्या कडेखाली, आणि दांडा उचलत उभा करायचा. दांडा उभा झाला की थांबा. त्याच्या पुढे नेला तर टोक आत वळतं आणि बरोबर ट्यूबवर बसतं. माझ्या पहिल्या ट्यूबच्या दोन चिरा अशाच पडल्या होत्या. दर वेळी दोन बोटांएवढाच घास घ्या आणि दर दोन घासांनंतर गुडघ्याखालची कड खालीच आहे ना, ते बघा.

शेवटची वीत उरली की वॉल्व्हवर अंगठा ठेवून तो आत, टायरच्या पोटाकडे ढकला. यामुळे ट्यूब कडेखालून वर निघते. पुन्हा साबण लावा, पुन्हा गुडघे दाबा. आता शेवटचे दोन घास. कड ‘टप्’ आवाज करून आत पडते, आणि तेव्हा खरंच फार जोर लागत नाही. लागत असेल तर टॉमी खाली ठेवा आणि समोर बघा.

हवा

लगेच पूर्ण हवा भरू नका. आधी वॉल्व्हभोवती कड दाबून बघा, ट्यूब कुठे कडेखाली आली नाही ना. दोन्ही बाजूंनी संपूर्ण गोल असाच तपासा. मग थोडी हवा भरा, चाक उभं करून जमिनीवर चार वेळा आपटत फिरवा, पिन काढून सगळी हवा सोडा आणि पुन्हा भरा. पहिल्या हवेत ट्यूबला पडलेली बारीक घडी दुसऱ्या हवेत सुटते.

टायरच्या बाजूवर रिमला लागून एक बारीक रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसायला हवी. कुठे आत गेलेली दिसली तर कड तिथे वर चढलेली नाही. हवा सोडा, तिथे साबण लावा, पुन्हा भरा. त्यासाठी हवा वाढवत नेताना टायरवर छापलेल्या कमाल आकड्यापलीकडे जाऊ नका आणि चेहरा चाकावर आणू नका.

शेवटी गाडीच्या चेनकव्हरवर किंवा पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर हवा आणा. तिथे कधी किलो असतात, कधी पीएसआय (चौरस इंचाला पौंड). प्रति चौरस सेंटीमीटर एक किलो म्हणजे १४.२ पीएसआय. वॉल्व्हच्या तोंडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा आणि टोपी लावा. वॉल्व्हचा तो नट मी रिमला घट्ट न आवळता टोपीकडे वर नेऊन ठेवतो. टायर रिमवर सरकू लागला तर वॉल्व्ह तिरका होतो आणि डोळ्यांना दिसतो. नट आवळलेला असेल तर तो तिरका न होता सरळ तुटतो.

चाक परत बसवताना

काढलं त्याच्या उलट्या क्रमाने: ब्रेकची प्लेट ड्रममध्ये, चाक चक्कराच्या रबरांत, बुश जागेवर, एक्सलला ग्रीसचा पातळ हात. चेन ताणायच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या आकड्यावर आहेत का बघा, नाहीतर चाक तिरकं चालतं. चेन मधोमध वर-खाली साधारण २० ते ३० मिलिमीटर हलली पाहिजे. ब्रेकच्या पट्टीची पिन नवीन घाला आणि तिचे दोन्ही पाय फाकवा. ही पट्टी सुटली तर ब्रेक मारताच प्लेट फिरून चाक जाम होतं, म्हणून मी ती दोनदा तपासतो. एक्सलचा नट टॉर्क पान्ह्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्ह्याने) आवळा. तो पान्हा नसेल तर घट्ट आवळून गाडी आधी ओळखीच्या मेकॅनिककडे हळू न्या आणि नट तपासून घ्या. रस्त्यावर निघण्याआधी चाक हाताने फिरवा आणि ब्रेकचं पॅडल दाबून बघा.

नव्या टायरवर कारखान्यातल्या साच्याचा तुळतुळीत थर असतो. पहिले दीडशे किलोमीटर वळणं सावकाश घ्या, विशेषतः पहिल्या पावसात, जेव्हा रस्त्यावर आधीच ऑइल तरंगत असतं.

पुढचं चाक याहून सोपं. तिथे ब्रेकची आणि स्पीडोमीटरची केबल सोडावी लागते आणि परत लावताना स्पीडोमीटरच्या गिअरची खाच जुळवावी लागते. डिस्क ब्रेकच्या गाडीत चाक बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर दाबू नका, दोन्ही पॅडच्या मधे लाकडाची चिपटी घालून ठेवा. आणि चाक जमिनीवर ठेवताना डिस्क वरच्या बाजूला.

पल्सर, युनिकॉर्न, अपाची अशा अलॉय व्हील आणि ट्यूबलेस टायरच्या गाड्यांचं काम मात्र मी घरी करत नाही. त्यांच्या रिमला आत एक उंचवटा असतो, कड तिथून सोडवायला बराच दाब लागतो आणि परत बसवताना पायपंपाची हवा पुरत नाही, कॉम्प्रेसरचा झोत लागतो. शिवाय टॉमीचा ओरखडा कडेच्या जागी पडला तर तिथूनच हवा झिरपत राहते. मशीन असलेल्या दुकानात हे काम काही मिनिटांत होतं. ४११ सीसीच्या हिमालयनची पुढची ९०/९०-२१ आणि मागची १२०/९०-१७ ही दोन्ही चाकं स्पोकची आणि ट्यूबची, त्यामुळे तिथे घरची रीत चालते. मागच्या टायरची बाजू जाड असल्याने दुपारचं ऊन निवडा आणि टॉम्या जरा लांब घ्या.

लडाख किंवा स्पितीला निघणारे कितीतरी जण मुंबई-पुण्याहून पंक्चरचं सगळं सामान नवं विकत घेतात आणि ते पहिल्यांदा उघडतात स्पितीतल्या काझा गावाच्या अलीकडे, वाऱ्यात, हात गारठलेले असताना. निघायच्या महिनाभर आधी एका रविवारी अंगणात मागची ट्यूब एकदा काढून परत घाला. कोणता पान्हा कमी आहे, पंप वॉल्व्हला बसतो का, टॉमी पुरेशी लांब आहे का, हे तिथेच कळतं.

उरला जुना टायर आणि जुनी ट्यूब. ट्यूबच्या आडव्या चकत्या कापा, सामान बांधायला त्यांच्याइतकं चिवट रबर विकत मिळत नाही. टायर गच्चीवर किंवा परसात टाकून ठेवू नका. पावसाळ्यात त्यात ओंजळभर पाणी साचतं आणि डेंग्यूच्या डासाला अंडी घालायला तेवढं पुरतं. होळीत तर अजिबात नको. नवा टायर घेतलात त्याच दुकानात तो देऊन टाका, बहुतेक दुकानदार ठेवून घेतात.